पाकळीचा खाका

कार्तिक संपता संपता थावराचं क्षयाचं कार्ड बंद झालं. सहा महिने रोज घेतलेल्या गोळ्यांच्या खुणांनी ते भरून गेलं होतं, आणि शेवटच्या चौकटीत डॉक्टरांनी निळ्या शाईनं 'बरा' लिहून खाली सही केली. थावरा लगेच उठला. उठताना त्यानं टेबलाची कड धरली नाही, हे मी बघितलं. वैशाखात धरत होता.

"बसा जरा," डॉ. पालीवाल म्हणाले. "कार्ड संपलं, बोलणं संपलं नाही."

त्यांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. डॉक्टर म्हातारे होते, महिन्याभरात निवृत्त होणार होते, त्यामुळे असेल, पण बाहेर रांग असूनही त्यांना घाई नव्हती. थावरा भिंतीवरच्या पालीकडे बघत बसला. आमची झमकू माझ्या कडेवर होती. नुकतं दुसरं वर्ष संपलेलं. पेटी उजळली तशी तिनं हात पुढे केला.

"तुम्ही शिकलेल्या दिसता," डॉक्टर मला म्हणाले.

"बी.ए. आहे. भूगोल."

"मग सोपं आहे. हाही नकाशाच. काळं ती हवा, पांढरं ते हाड. आता इथं बघा, डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या खाली."

तिथं एक कडी होती. बोराच्या बीएवढी. बारीक पांढरी रेघ गोल फिरून स्वतःला मिळालेली, आणि आत काळं. नकाशात उंचीची रेघ अशी बंद झाली की तिथं टेकडी तरी असते, नाहीतर खड्डा.

"खड्डा?" मी विचारलं.

"खड्डाच. थुंकी स्वच्छ आली आहे, आज ह्याला आजार नाही. पण औषध संपल्यावर ज्याच्या छातीत अशी पोकळी उरते, त्याचा आजार परत यायची भीती जास्त. सगळ्यांचा येत नाही. कुणावर नजर ठेवायची, एवढं फोटो आधी सांगून ठेवतो."

"ह्यांचा येईल?"

"मी ज्योतिषी नाही, बाई. पण दगडाच्या भुकटीत जाऊन बसला तर येईल असं धरूनच चाला." त्यांनी पिवळ्या खडूच्या पेन्सिलीनं कडीकडे बाण काढला. "हा फोटो जिवापाड जपा. पुढे काही झालं आणि नवा काढला, तर कडी जुनीच आहे की वाढली, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच कळेल. एकट्या फोटोवरून मलासुद्धा सांगता येत नाही."

बसमध्ये थावरा खिडकीशी बसला. पिंडवाडा आलं. मग म्हणाला, "'बरा' लिहिलंय ना? मग वर बाण कशाला काढायचा."

लोकांसमोर मी त्याला झमकूचे बाबा म्हणते, घरात तू. आमचं लग्न अजून व्हायचं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जत्रेतून मी त्याच्याबरोबर निघून आले, घर मांडलं, झमकू झाली. आमच्यात लग्नाची कुणाला घाई नसते. सासू मात्र त्या वर्षी म्हणत होती, देवळाचा घुमट उठला की तुमचं लग्न लावून टाकू, नातीला मांडवात नाचता येईल.

घुमटाचं काम गावाखालच्या शेडमध्ये चाललं होतं. देऊळ कुठं लांब गुजरातेत उठायचं होतं. गुलाबी दगड इथं कोरायचे, नंबर घालायचे, ट्रकमध्ये भरायचे. आमच्या डोंगराचे सगळे पुरुष त्या शेडमध्ये. संध्याकाळी ते वर चढताना भुवया, पापण्या, कानाची लव, सगळं गुलाबी असायचं. लहान मुलं त्यांना देव म्हणून चिडवायची.

मार्गशीर्षात मुकादम वरदाजी मोटारसायकल खाली लावून धापा टाकत वर आला.

"थावरा, मशिनीवर नको बसू. कोण म्हणतं मशिनीवर बस? खाके काढ, दगडावर पेन्सिल फिरवायला आकार कापून दे. चौसष्ट पाकळ्यांचं कमळ आहे, आणि शेडमध्ये एकाचा हात सरळ नाही. ह्यांनी काढलेली पाकळी बघितली तर देव वरून उतरायचा नाही."

"शेड तीच ना?" मी आतून म्हणाले. "मशिनी चालतात, भुकटी उडते. ती खाके काढणाऱ्याला बघून वळून जाते का?"

वरदाजी हसला. "तुझी बायको मास्तरीण आहे."

"खोकलासुद्धा मोजून ठेवते," सासू म्हणाली. "परवा मला म्हणे, आई, आज तुम्ही सहा वेळा खोकलात. मी म्हटलं, सातवा तुझ्यासाठी राखून ठेवलाय."

सगळे हसले, थावराही. तो सहा महिने खाटेवर बसून होता. गाई बायका वळत होत्या, पाणी मी आणत होते, आणि त्याच्यासमोरून त्याच्या बरोबरीचे लोक कामाला उतरायचे. दुसऱ्या दिवशी त्यानं डोक्याला फडकं गुंडाळलं आणि त्यांच्या मागून उतरला.

त्याचे कपडे मी वेगळ्या बादलीत बुडवायची. पाणी आधी गुलाबी व्हायचं, मग निवळायचं, आणि तळाशी बोटभर गाळ बसायचा, पिठीसारखा. तो बोटांत चोळला की मऊ लागायचा, आणि नखात गेला की आठ-आठ दिवस ठुसठुसायचा. नुसत्या खाके काढणाऱ्याच्या सदऱ्यात एवढा निघत होता.

दर रविवारी पेटीतून मी फोटो काढायची. दारात उभी राहून उन्हासमोर धरायची आणि कडीकडे बघायची. छापलेली कडी रविवारी-रविवारी वाढत नसते, हे मला समजत नव्हतं असं नाही. पण ती बघितली की मला बरं वाटायचं, जशी दाराची कडी पुन्हा एकदा लावून बघितल्यावर वाटतं. मग मी त्याच्याकडे बघायची. गाल, मान, पट्ट्याचं भोक.

पौषात एका रविवारी त्यानं माझा हात धरून खाली केला.

"पुरे."

"बघू दे की."

"जिवंत माणूस इथं ज्वारीची भाकर खातोय, आणि तू त्याची हाडं उन्हात धरून बसतेस. गावातल्या बाया काय म्हणतात ठाऊक आहे? ही रेशमी आपल्या नवऱ्याचं दहन आधीच बघून ठेवते."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो." मग हळू आवाजात, "झमकूच्या डोक्यावर हात ठेव. गरज पडेपर्यंत काढणार नाहीस."

झमकू मातीत बसून बोराच्या बिया एका ओळीत लावत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो पाकिटात घातला, पाकीट पेटीत, लुगड्यांच्या खाली. त्यानंतर मी फक्त लुगड्यांखाली हात घालून पाकीट चाचपायची. ताठ लागायचं. तेवढ्यावर भागवायची.

होळीच्या सुमाराला गहू पिवळा पडला. कापणीला आम्ही दोघं शेजारी-शेजारी ओळ धरली. दरवर्षी तो पुढे असतो आणि मागं वळून मला चिडवतो. ह्या वेळी माझी ओळ संपली, मी वर बघितलं, तर तो माझ्या पाचेक हात मागे, विळा गव्हात रोवून, उकिडवा बसलेला. ऊन तापलेलं होतं आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम होता, पण दंडावर काटा आला होता.

"विळ्याला धार नाही," तो म्हणाला.

मी त्याचा विळा घेतला, माझा दिला. माझ्या विळ्यालाही त्याच्या हातात धार आली नाही.

संध्याकाळी ताप यायचा. तो सांगायचा नाही. बाहेर खाट टाकून झोपायचा आणि सकाळी उशाचं फडकं स्वतःच धुऊन वाळत घालायचा. पुरुषानं फडकं धुतलेलं आमच्या डोंगरावर कुणी बघितलेलं नव्हतं. सासू म्हणाली, "ह्याला काय झालंय?" आणि माझ्याकडे बघत राहिली.

एके दिवशी मी भाकरी घेऊन शेडमध्ये गेले. सगळ्यांचा चहा स्टीलच्या पेल्यांत होता. थावराचा कागदी कपात. तोच कप दुपारीही वापरायचा म्हणून चहा संपल्यावर त्यानं त्यात दगड ठेवला होता, वारा नेऊ नये इतका. मला बघून त्यानं पाय आडवा केला, पण मी बघितलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला दवाखान्यात नेलं. पालीवाल निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी डॉ. नसरीन होत्या, माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी थुंकी तपासली, चार दिवसांनी परत बोलावून पुन्हा तपासली. दोन्ही वेळा काही निघालं नाही. नवा फोटो काढला. पेटीवर लावला तेव्हा मी त्यांच्या आधी डावीकडे बघितलं. कडी होती. तिच्याभोवती धुकं होतं.

"हा जुना व्रण असेल तर बघत राहायचं," त्या म्हणाल्या. "उगाच सहा महिने कडक औषधं कशाला. पण वाढला असेल तर थुंकीची वाट बघण्यात अर्थ नाही. नमुना मी मोठ्या तपासणीला पाठवते, त्याला दीड महिना लागतो. एवढा वेळ ह्यांच्याकडे आहे की नाही, मला माहीत नाही. गेल्या वेळचा फोटो आहे?"

"आहे," मी म्हणाले. तेव्हा माझा आवाज किती ठाम होता, ते मला अजून आठवतं. "घरी जपून ठेवलाय."

थावरा बुटाच्या नाडीशी खेळत होता.

घरी पोचल्यावर मी लुगडी उपसली. पाकीट ताठ होतं. आत बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, फोटोच्या मापाचा, नीट कापलेला. कोपरेसुद्धा गोल केलेले.

मी पुठ्ठा हातात घेऊन बाहेर आले. तो उंबऱ्यावर बसला होता, आत आलाच नव्हता.

"कुठाय?"

"शेडमध्ये."

"शेडमध्ये काय करतोय?"

"पाकळी." त्यानं तळहातावर बोटानं आकार काढला. खाली रुंद, वर निमुळती, एकच रेघ. "प्लॅस्टिक ओलं झालं की वळतं. फोटोचा कागद वळत नाही, पेन्सिल सरळ जाते. सगळे आपले खाके फोटोचेच कापतात. वरदाजी म्हणाला, मोठा तुकडा हवा, कमळाच्या चौसष्ट पाकळ्या ह्या एकाच खाक्यावरून काढायच्या. माझ्या डाव्या बाजूची लांबी बरोबर बसत होती."

"सगळ्यांनी आपापले कापले म्हणून तूही? तुला सांगितलं होतं त्यांनी. तुझ्यासमोर सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

झमकू येऊन त्याच्या गुडघ्यावर चढायला लागली तसं त्यानं तिला बगलेत धरून माझ्याकडे सरकवलं, हळूच, मांजराचं पिल्लू सरकवावं तसं.

"तू माझ्याकडे बघत नव्हतीस," तो म्हणाला. "आधी त्याच्याकडे बघायचीस, मग माझ्याकडे. माझ्या तोंडात घास असला तरी तू त्या खड्ड्याशीच बोलतेयस असं वाटायचं. मला वाटलं, तो घरात नसला तर तू मला बघशील."

माझ्या हातातला पुठ्ठा मी खाली ठेवला. सासू चुलीशी होती. तिनं फुंकणी थांबवली होती.

"चल," मी म्हणाले.

शेडमध्ये आठ-दहा मशिनी एकदम चालत होत्या. आत धुरळ्यात माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज दिसत होते. वरदाजीनं मला मागच्या भिंतीकडे नेलं. तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत तार बांधली होती आणि तारेला चिमट्यांनी खाके लटकवले होते. वेली, घंटा, हत्तीची सोंड, पाकळ्या. सगळे काळे-निळे. सगळे छातीचे फोटो. कुणाच्या बरगड्यांवरून वेल गेली होती, कुणाच्या मणक्यावर घंटा होती.

"प्लॅस्टिक बाजारातून आणावं लागतं," वरदाजी म्हणाला. "फोटो सगळ्यांच्या घरी असतात."

थावरा शेडच्या बाहेर, ढिगाऱ्यापाशी उभा राहिला. आत आला नाही. मी एकेक चिमटा काढून खाका मागच्या उघड्या बाजूला उन्हात धरायला लागले. पाकळ्याच पंधरा-वीस होत्या. पिवळा बाण शोधायचा होता, पण मला नुसता बाण दिसेना. आता मला वाचता येत होतं. एकाच्या छातीत दोन्हीकडे बारीक पांढरे कण होते, बाजरी उधळावी तसे. एकाची एक बाजू वर ओढली गेली होती. एकात कडी होती, थावराच्या कडीपेक्षा मोठी.

मागं एक मशीन थांबली. मग दुसरी. केसा आला, थावराचा चुलतभाऊ, एकोणीस-वीस वर्षांचा, तोंड गुलाबी आणि दात पांढरे.

"वहिनी, तुम्हाला ह्यातलं कळतं?"

"नाही."

"मग बघताय काय? हा माझा." तो हत्तीच्या सोंडेकडे बोट दाखवत होता. "फोटो काढताना गळ्यातला देवाचा ताईत काढायचा राहिला होता, फोटोवाला ओरडला. हा बघा देव." सोंडेच्या वळणात खरंच एक छोटा पांढरा चौकोन होता. "सांगा ना. पोरगी मिळेल का?"

मागं सात-आठजण येऊन उभे राहिले. कुणी पुढे आलं नाही. एकजण म्हणाला, "माझा घंटेचा आहे." दुसरा म्हणाला, "तुझा नाही, तो माझा." शेवटची मशीनही थांबली. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाहेर होला घुमत होता, तो ऐकू येत होता.

मी सोंड पुन्हा चिमट्याला लावली. "दवाखान्यात जा, केसा."

"म्हणजे आहे काहीतरी."

"मी डॉक्टर नाही. उद्या जा. फोटो घेऊन जा."

"खाका तारेवर लागतो, वहिनी," तो हसत म्हणाला, पण हसणं अर्ध्यावर राहिलं. वरदाजीनं टाळी वाजवली. एकेकजण वळला. मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

पिवळा बाण शेवटून तिसऱ्या पाकळीवर होता. कडा चौसष्ट वेळा पेन्सिल फिरून झिजल्या होत्या, गुलाबी झाल्या होत्या. आकार सुंदर होता. एवढी सरळ, एवढी जिवंत रेघ त्या तारेवर दुसऱ्या कुणाची नव्हती. कडी तिच्या टोकापासून बोटभर आत, पूर्ण, शाबूत. कात्रीनं तिला वळसा घातला होता.

बाहेर ढिगाऱ्यापाशी मी नवा फोटो पिशवीतून काढला आणि थावराच्या हातात दिला. "वर धर." त्यानं धरला. मी पाकळी त्यावर ठेवली, बरगडीवर बरगडी आणली. दोन्ही सरकू नयेत म्हणून मी त्याचं मनगट धरलं. मनगट गरम होतं.

"बसली बरोबर?" त्यानं विचारलं. पाकळी दगडावर ठेवल्यावर सगळे असंच विचारतात.

"बरगड्या बसल्या."

"आणि?"

जुनी कडी नव्या कडीच्या आत होती. बोराची बी बोरात असते तशी, मध्ये सगळीकडून जागा सोडून. आणि शेजारी, पाकळीच्या रेघेच्या अगदी बाहेर, आणखी एक होती. ती कार्तिकात नव्हती, तो फोटो मला पाठ होता.

"जीप गाठू," मी म्हणाले. "झमकूलाही घेऊ. दवाखाना बंद व्हायच्या आत."

त्यानं फोटो खाली केला आणि पाकळी माझ्याकडून घेऊन कडेवरची भुकटी सदऱ्याला पुसली.

डॉ. नसरीननी दोन्ही एकावर एक ठेवून एकदाच बघितलं. "आजपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "महिनाभर आधी कळायला हवं होतं." मग झमकूकडे बघून, "हिचाही फोटो काढू."

फोटोच्या खोलीतला माणूस दारात येऊन म्हणाला, "पोरीला श्वास धरायला शिकवा. हलली तर पुन्हा काढावा लागेल." मला आत जायचं होतं तिला धरायला, म्हणून थावरा तिला बाहेर बाकापाशी शिकवायला बसला. तोंडाला फडकं बांधून, तिच्यापासून हातभर लांब.

"बघ, झमकू. गाल फुगव. बेडूक कसा फुगतो? आता धर. एक. दोन."

तिनं गाल फुगवले, डोळे मोठे केले. त्यानंही फुगवले. तिसरा आकडा बोटावर दाखवता दाखवता त्याचा खोकला सुटला. बाकाला धरून तो वाकला, फडक्यावर हात दाबून. झमकूनं श्वास सोडला नाही. लाल होत होत त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग टाळी वाजवून म्हणाली, "बाबा हरला."

"हरलो," तो म्हणाला.

तिचा फोटो स्वच्छ निघाला. दोन्हीकडे काळं, नुसती हवा. थावरानं तो माझ्या हातातून घेतला आणि दवाखान्याच्या दारात उन्हासमोर धरला. स्वतःचा त्यानं कधी असा बघितला नव्हता.

"कुठं काही नाही?"

"नाही."

"नीट बघ. तुला कळतं."

"बघितलं. काही नाही."

तो बराच वेळ धरून उभा होता. मग म्हणाला, "हा पेटीत ठेव. कुलूप लाव. किल्ली मला सांगू नकोस."

त्याच दिवशी त्यानं खाट उचलली आणि खालच्या वावरातल्या माचीकडे नेली, जिथं मक्याच्या दिवसांत आम्ही पाखरं राखायला बसतो. कुणी सांगितलं नव्हतं. सासूनं अडवलं नाही. तिनं एक तांब्या, एक ताटली आणि एक वाटी वेगळी काढून दिली आणि आत जाऊन दळायला बसली, दळण नसताना.

मोह फुलून गळाला, वेचून झाला. मोठ्या तपासणीचा कागद आला. जुनी औषधं ह्या वेळी लागू पडणार नव्हती. आता वेगळी चालू आहेत. त्यांनी त्याला कमी ऐकू येतं, पाय जळतात, अन्नाचा वास नको होतो. घुमटाचे ट्रक गेले. चौसष्ट पाकळ्या गेल्या. केसा दवाखान्यात गेला नाही. सासू लग्नाचं बोलत नाही.

मी सकाळी भाकरी आणि गोळ्या घेऊन उतरते. बांधावर ठेवते आणि चार पावलं मागे होते. तो येऊन घेतो. गोळ्या माझ्यासमोर गिळतो, तोंड उघडून दाखवतो. मी त्याच्याकडेच बघते, दुसरं काही बघायला आता माझ्या हातात नसतं. त्याच्या हनुवटीवर एक तीळ आहे. तो मी पाच वर्षांत बघितला नव्हता.

झमकू ऐकत नाही. ती बांधावरून उडी मारून त्याच्या अंगाजवळून पळत जाते, माचीला शिवते आणि परत येते. तिला तो खेळ वाटतो. ती जवळ येताना दिसली की थावरा हातातलं सगळं खाली ठेवतो, गाल फुगवतो, आणि ती लांब जाईपर्यंत श्वास धरून ठेवतो.

मी मोजते. चैत्रात सातापर्यंत जायचा. आता तीन.